शेऱ्याचा रकाना

आमच्या शाळेत मी मराठी शिकवते. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीची बाई म्हणजे ऑफिसच्या दृष्टीने अर्धी कारकूनच. शिक्षण खात्याची पत्रं मराठीत येतात, ती वाचून दाखवायची आणि उत्तरंही लिहून द्यायची. म्हणून दोन जागांची भरती निघाली तेव्हा अर्जांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आला. सहावी ते आठवीसाठी दोन शिक्षणसेवक, एक गणित-विज्ञानाचा आणि एक मराठीचा. अर्ज आले ८३. चेअरमनसाहेब म्हणाले, "मॅडम, छाननी आप करो, फोन भी आप ही करो. और जो टेढे हैं उनको जरा संभालो."

टेढे भरपूर होते. एका उमेदवाराच्या आधी माजी नगरसेवकाचा फोन आला आणि मागून उमेदवार आला, तोही फोनवर बोलतच. एका मुलीबरोबर तिचे वडील आत आले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तेच देऊ लागले. त्यांना बाहेर बसा म्हटलं, तर दार किलकिलं ठेवून तिथूनही सांगत राहिले. मराठीच्या जागेसाठी आलेल्या एकीला मी 'स्वतःविषयी मराठीत सांगा' म्हटलं. तिने पाठ केलेली चार वाक्यं घडाघडा म्हटली आणि मग म्हणाली, "आगे का उर्दू में बोलूं?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझी मराठी घोरपडे पेठेतल्या शेजारणींच्या ओट्यावर तयार झाली. तिला तसा ओटा मिळाला नसेल.

सगळ्यांत जास्त भांडणं झाली ती टीईटीवरून. मुलाखती २०२५ च्या ऑक्टोबरात होत्या. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने टीईटी सक्तीची केली होती. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती पास व्हायला सांगितलं होतं. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोपवला. तो खटलाही आपल्या महाराष्ट्रातलाच, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचा. झालं! टीईटीवाले म्हणायचे, बिनटीईटीच्यांना बोलावलंच का? बिनटीईटीवाले म्हणायचे, निकाल आम्हांला लागू नाही. एकाकडे मूळ प्रमाणपत्र मागितलं तर तो तडकला, "आम्हांला काय चोर समजता?" त्याचंही चूक नव्हतं. २०१९-२० च्या टीईटीत साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गैरमार्गाने पास झाल्याचं पुढे उघड झालं. डिसेंबर २०२१ मध्ये इथे पुण्यातच, परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. तेव्हापासून खऱ्या प्रमाणपत्रालाही दोनदा उजेडात धरून पाहतात.

अकरा वर्षं तासिका तत्त्वावर काढलेल्या एक बाई खुर्चीवरून उठायलाच तयार होईनात. "आधी सांगा, घेणार की नाही. दर वेळी 'कळवतो' म्हणतात." मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या प्यायल्या, ग्लास धुऊन जागेवर ठेवला आणि परत येऊन बसल्या.

बीडचा मुलगा शेवटून दुसरा होता. रात्रीच्या एसटीने येऊन सकाळपासून व्हरांड्यात बसलेला. नमुना पाठासाठी त्याला सातवीवर नेलं. त्याने अपूर्णांक घेतले. भाकरीचं चित्र काढलं नाही, खडूही कमीच वापरला. एका मुलीची ओढणी मागून घेतली, तिला घड्या घालत गेला आणि मुलींकडून निम्म्याचं निम्मं वदवून घेतलं. मी मागच्या बाकावर होते. वर्गातून निघताना एकीने विचारलं, "टीचर, ये सर आनेवाले हैं क्या?"

आत चेअरमनसाहेबांनी शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, "आपको कुछ पूछना है?"

"जी," तो म्हणाला, "कित्ते देने पडते? साफ बोले तो अब्बा को फोन करके बता देता मैं. नहीं तो सवा पाच की एस्टी पकडता."

स्वरात उद्धटपणा नव्हता. तिकिटाचे पैसे विचारावेत तसं त्याने विचारलं. सेक्रेटरीसाहेब उभे राहिले. "ये इदारा है, दुकान नहीं!" मुलाने फाइल उचलली, माफ करा म्हणाला आणि गेला. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "शेरे में लिख दो, वर्तन उद्धट."

त्या रकान्यावर माझा पेन बराच वेळ थांबला. कारण गणिताच्या जागेवर कोण येणार, हे जाहिरात छापून येण्याआधीच स्टाफरूमला माहीत होतं.

बाकीच्या अनुदानित शाळांची भरती २०१७ पासून पवित्र पोर्टलकडे गेली. तिथे अभियोग्यता चाचणीचे गुण बोलतात. आपल्या संस्थांना घटनेच्या तिसाव्या कलमाने शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. आपला शिक्षक आपण निवडावा, हाही त्यातलाच हक्क. मी त्या हक्काच्या बाजूने स्टाफरूममध्ये हिरिरीने भांडले आहे, अजूनही भांडेन. पण त्या कलमाची किंमत लाखांत सांगतात तेव्हा मी गप्प बसते. मला गप्प बसावंच लागतं.

२०१४ मध्ये मी इथे लागले. तेव्हा माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना आठ हजार मानधन होतं. तीन वर्षांचे होतात दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. आम्ही दिले त्याहून जास्त. अब्बा भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात पॉलिशचं काम करायचे, हाताचा रंग कधी जायचा नाही. अम्मीच्या बांगड्या गेल्या, मामूंकडून उसने आणले. पैसे द्यायला अब्बा एकटेच गेले होते. परत आले आणि म्हणाले, "बिल्डिंग फंड में दिया, समझ ले." पावती नव्हती. नवऱ्याला मी आजवर आकडा सांगितलेला नाही. हे छापून आल्यावर शाळेत काय होईल, याचा विचार मी केलेला आहे.

मानधन आता वाढलं. २०२३ मध्ये प्राथमिकचे सोळा हजार झाले, माध्यमिकचे अठरा. मानधन वाढलं की दरही वाढतो, असं ऐकते.

मुलाखती संपल्या त्याच्या चौथ्या दिवशी उमेदवारांना कळवायचं काम माझ्याकडेच आलं. बाकीच्यांना मी ठरलेलं वाक्य सांगितलं. तासिकावाल्या बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. बीडच्या मुलाचा नंबर लावला तेव्हा स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं.

"आपका नहीं हुआ," मी म्हटलं. "पाठ बहोत अच्छा था. जगह पहले से भरी हुई थी."

"मालूम था, आपा." मागे हातगाडीवाल्याचा आवाज येत होता, बाजारात असावा. थोडं थांबून त्याने विचारलं, "बुरा नको मानो. आपने कित्ते दिये थे?"

मी उठून दार लावलं आणि त्याला आकडा सांगितला.

"अब्बा क्या करते थे आपके?"

"पॉलिश करते थे. टिंबर मार्केट में."

"मेरे गवंडी हैं," तो म्हणाला.

अर्जांचा तो गठ्ठा अजून कपाटात आहे. ८३ पैकी ८२ अर्जांवर माझ्या अक्षरात शेरा आहे.