आंबा रात्री, आजी दुपारी

आमच्या रत्नागिरीच्या घरी बाबांची ओम्नी आहे. २००९ ची, पांढरी, एसी वगैरे लाड नाहीत. मारुतीने ही गाडी २०१९ मध्ये बंद केली, पण बाबांच्या मते आंब्याच्या पेट्या आणि माणसं दोन्ही वाहायला तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. फक्त एक गोम आहे. हिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे मे महिन्यात वरून सूर्य आणि खालून इंजिन. मधे आपण!

तर गेल्या मे महिन्यात आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचं होतं. एसटीची पायरी तिला चढवत नाही, म्हणून ओम्नी. बाबा म्हणाले, "पहाटे तीनला नीघ." मी आदल्या रात्री उशिरा पोचलेला, सोमवारी सकाळी क्लायंटचा कॉल. म्हटलं, झोप काढू आणि रविवारी आरामात जेवून निघू. उकाड्याचा बंदोबस्त माझ्याकडे तयार होता. हापिसातल्या नागपूरच्या मित्राने सांगितलं होतं, ओल्या चादरी लाव खिडक्यांना, कूलरसारखं गार वाटतं. मी चादरी भिजवल्या, बॅटरीवरचा पंखा लावला, शिवाय डिजिटल थर्मामीटरही ठेवला. इंजिनीअर ना आपण!

साडेबाराला निघालो. ऊन मी म्हणत होतं. पालीच्या पुढे एक ट्रक बंद पडलेला आणि त्याच्यामागे ही रांग. गाडी थांबली आणि वाराही थांबला. थर्मामीटर ३८, ४०, ४३...

माझ्या लक्षात आलं ते आकड्यांवरून नाही. आजी गप्प झाली होती. वाटेतल्या प्रत्येक वळणाची गोष्ट सांगणारी आजी दहा मिनिटं एक शब्द बोलली नव्हती. मागे वळून बघितलं तर चेहरा पांढराफटक, नऊवारी घामाने चिंब. हाक मारली तर नुसतं "हं".

गाडी कशीबशी रांगेतून बाहेर काढून वडाखाली घेतली. दोन्ही बाजूंचे सरकते दरवाजे, मागचं दार, सगळं सताड उघडलं. आजीला आडवं केलं, पाय उचलून पिशवीवर ठेवले. समोरच्या टपरीवरच्या बाई न सांगता पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. आजी जरा शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, मग जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं." माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

चूक कुठे झाली? कूलर चालतो तो कोरड्या हवेत. पाण्याची वाफ होते, ती उष्णता ओढून घेते आणि गार वाटतं. आमच्या किनाऱ्यावरची हवा आधीच दमट, त्यात मी बंद गाडीत ओल्या चादरी लावून ती आणखी दमट केली. म्हणजे आजीचा घाम वाळायची जी थोडीफार सोय होती, तीच मी बंद केली. शिवाय पडदे काचेच्या आतून. ऊन एकदा काचेतून आत शिरलं की त्याची उष्णता झाली, मग पडदा काय करणार? उन्हाला बाहेरच अडवायला हवं.

घरी परतल्यावर बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "आंबासुद्धा आम्ही रात्री नेतो रे. उन्हात तापला तर पेटी वाया जाते. आणि तू माणसाला दुपारी नेलंस."

तीन दिवसांनी, आजीला बरं वाटल्यावर, पुन्हा निघालो. कॉल बुडालेलाच होता, रजा टाकली. यावेळी तयारी बाबांची. गाडी दिवसभर झापांच्या मांडवाखाली, रात्रभर सगळी दारं उघडी. पत्रा, सीट, सगळं गार. पुढच्या सीटखाली इंजिन म्हणून आजीची बैठक मागे, तीही डाव्या बाजूला. कारण कोल्हापूरनंतर गाडी उत्तरेला जाते, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. हे मला नकाशा उघडूनही सुचलं नव्हतं.

तीनला निघालो, आंबा घाट उजाडायच्या आत चढलो. कराडच्या पुढे ऊन तापलं तेव्हा बाबांनी दिलेला पंचा भिजवून आजीच्या मानेवर ठेवला आणि खिडक्या उघड्याच ठेवल्या. इथली हवा कोरडी, त्यामुळे पंचा खरंच गार लागत होता. नागपूरचा मित्र चुकला नव्हता. मीच त्याची युक्ती चुकीच्या गावात वापरली होती.

साताऱ्याच्या जवळ आजी, तिच्या लहानपणी मुंबईला बोटीने कसं जायचे, ते सांगायला लागली. तासभर थांबली नाही.

ती बोलत होती तोवर थर्मामीटरकडे बघायची गरज पडली नाही.