शीव

सातवीतल्या एका पोराचा बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. दारातूनच म्हणाला, "जय भीम मास्तर. तुमी आपलेच म्हनून इचारतो. शेन वाहायला आन् माती उकरायला आमी पोरगं साळंत घातलंय व्हय? त्ये काम तर त्याला घरी बी येतंय. त्याच्या आज्याला बी येत व्हतं."

१९९३ सालचा जून. त्याच वर्षी माझी बदली माझ्याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली होती. भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या शिवेवरचं गाव. वर बघितलं की राजगड. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर माणसं मी काय लिहिलंय ते वाचणार नाहीत, कुणावर लिहिलंय तेवढंच शोधतील.

झालं होतं असं. शाळेच्या मागं झाडं लावायची होती. सहावी-सातवीची पोरं घेऊन मी खड्डे काढायला लागलो. माझ्या डोक्यात केवढं तरी होतं. पुस्तकातलं झाड दाखवण्यापेक्षा पोरांच्या हातून झाड लावावं, ओढ्यात उतरून पाणी मोजावं, मातीत हात घालून माती शिकावी. पोरं तयार होतीच. वर्गाबाहेर जायला कुठलं पोर नाही म्हणतं? मी म्हटलं, चला, ज्याला जे जमेल ते करा.

ज्याला जे जमेल ते. इथंच मी फसलो.

त्या बापानं विचारलं तेव्हा मी आठवून बघितलं. शेणाची घमेली कोण वाहत होतं? बौद्धवाडीची चार पोरं आणि कातकऱ्याची दोन. झारीनं पाणी कोण घालत होतं? गावातली पोरं. वहीत खड्ड्यांची संख्या कोण लिहीत होतं? पाटलाच्या घरची पोरगी, अक्षर चांगलं म्हणून. मी कुणालाच तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती. पोरं आपापल्या जागी बरोबर जाऊन उभी राहिली होती. आणि मला, महारवाड्यात जन्मलेल्या मास्तराला, ते दिसलं नव्हतं.

मी शाळेत होतो तेव्हा दर शनिवारी श्रमदान असायचं. आम्ही अंगण झाडायचो, शेणाचा सडा घालायचो. दुसरी पोरं फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार लिहायची. श्रम हीच पूजा, असा एक सुविचार असायचा. पूजा आमच्याकडं आणि खडू त्यांच्याकडं. हातानं शिकावं, कामातून शिकावं, हे मोठ्या माणसांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. वर्ध्याला १९३७ साली नई तालीम मांडली गेली ती त्यावरच. वाईट काय आहे त्यात? काही नाही. पण ज्यांच्या हाताला काम जन्मापासूनच चिकटवलंय त्यांना कामाचं शिक्षण द्यायचं म्हणजे काय द्यायचं, हे आधी ठरवायला पाहिजे. त्या बापाचा सवाल तोच होता. मी त्याला म्हटलं, "दादा, आठ दिवसांनी परत या. तवा पसंत पडलं न्हाई तर पोराला बाहेर काढू नका."

सोमवारी मी हजेरीपट घेतला आणि पाच कामं लिहिली. टिकाव, घमेलं, झाडू, मोजपट्टी, वही. हजेरीच्या नंबरानं वाटली. दर आठवड्याला काम बदलणार. अक्षर चांगलं म्हणून वही नाही आणि अंगात ताकद म्हणून घमेलं नाही. ज्याचं अक्षर वाईट त्याचं लिहूनच सुधारंल.

दुसऱ्या आठवड्यात पाटलाच्या पोरीच्या डोक्यावर घमेलं आलं. तिसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत. मी म्हटलं, "आजी, तुमच्या गोठ्यातलं शेण ती रोज काढती की." आजी बाई सरळ होती. म्हणाली, "घरचं शेण येगळं मास्तर. साळंत सगळ्यांच्या लायनीत उबं ऱ्हाऊन उचलायचं येगळं." मला वाटतं, जातीवर एवढं खरं वाक्य मी मोठमोठ्या परिसंवादात ऐकलं नाही. पोरीनं मात्र घमेलं सोडलं नाही. आणि तो बाप आठव्या दिवशी आला तेव्हा त्याचं पोरगं वही घेऊन बांधावर बसलं होतं. दोन पोरं खड्ड्याची खोली ओरडून सांगत होती आणि हा लिहीत होता. बाप काही बोलला नाही. तंबाखू मळली आणि गेला.

ऑगस्टात आम्ही ओढा मोजला. कसा मोजायचा ते सांगतो, म्हणजे कुणा मास्तराला करता येईल. ओढ्याचा सरळ तुकडा बघायचा. काठानं दहा मीटर दोरी ताणायची. वरच्या टोकाला पान टाकायचं आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंत सेकंद मोजायचे. चार वेळा करून सरासरी काढायची. मग रुंदी आणि चार-पाच जागची खोली. आमचं पान वीस सेकंदांत आलं, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. रुंदी दोन मीटर, खोली सरासरी पाव मीटर. गुणाकार केला की सेकंदाला अडीचशे लिटर. पण वरचं पाणी पळतं तसं तळाचं पळत नाही, दगडगोट्यांना अडतं. म्हणून एक पंचमांश कमी धरायचं. दोनशे लिटर.

एक पोर म्हणालं, "गुर्जी, हंड्यात किती मावतं?" आम्ही शाळेतला हंडा मोजला. पंधरा लिटर. म्हणजे सेकंदाला तेरा हंडे आमच्या डोळ्यांदेखत वाहून चालले होते. बौद्धवाडीतल्या एका पोरीनं एकदम विचारलं, "मग माजी आये उन्हाळ्यात येवढ्या लांब का जाती?"

हा सवाल पुस्तकात नव्हता. पुस्तकात जलचक्र होतं, आणि त्यात बाण काढलेले होते. त्या बाणांत तिची आई कुठंच नव्हती.

मी नकाशा काढला. आमचा ओढा गुंजवणीला, गुंजवणी नीरेला, नीरा भीमेला. शेजारच्या खोऱ्यात वेळवंडीवर इंग्रजांनी बांधलेलं भाटघर धरण, १९२८ साली पुरं झालेलं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडं जातं, उसाला. डोंगर आमचा, पाऊस आमच्या डोक्यावर, आणि एप्रिलात हंडाही आमच्याच डोक्यावर. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान द्या म्हणून मागितलं होतं, आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगरावरचं पाणी शेतात मुरेल असे बांध घाला म्हणून लिहिलं होतं. मी पोरांना ते सांगितलं. पोरांना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांना वाटलं, हे तर साधंच आहे, मग केलं का नाही?

आता माझ्या आबाचं.

गावाची शीव कोणाला माहीत असते? गाव म्हणेल पाटलाला, तलाठ्याला. खोटं. शीव महाराला माहीत असायची. कुठला दगड पुरलेला, कुठला नुसता पडलेला, कुठल्या ऐनापासून हद्द वळते. दोन गावांचं भांडण लागलं की महाराला पुढं घालून शीव चालवायचे. वतनाचं काम होतं ते. मेलेली ढोरं ओढणं, साहेबाच्या घोड्यापुढं पळणं, त्यातलंच हे एक. १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्म घेतला, ती बातमी आमच्या खोऱ्यात आली आणि आबानं घुंगराची काठी चुलीत घातली. मग १९५८ च्या कायद्यानं वतनं गेलीच. त्या दिवसापासून आबा शिवेवर गेला नाही. शीव हा शब्दसुद्धा त्यानं तोंडातून काढला नाही.

डिसेंबरात मी त्याला म्हटलं, "आबा, एकदा पोरान्ला शीव दाखव की."

भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाला, "ती इद्या नव्हती. ती येठ व्हती. येठीचं काय शिकवायचं?"

मी गप्प बसलो. चार दिवसांनी तोच म्हणाला, "आमी सांगितलं आन् हद्दी ठरल्या. कागदाव नाव कुनाचं? पाटलाचं. तुजी पोरं लिहून घेतील का? माज्या नावानं? तर येतो."

पोरांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर आबाचं पुरं नाव लिहिलं, आडनावासकट. त्याला वाचून दाखवलं. मग निघालो. पुढं आबा, मागं पस्तीस पोरं.

वरच्या धारेवर आबा थांबला. म्हणाला, "कुनाकडं पानी हाय?" एका पोरीनं बाटली दिली. आबानं धारेवर पाणी ओतलं. थोडं इकडं गेलं, थोडं तिकडं. "हिकडं उतरलं ते आपल्या गावचं. तिकडं उतरलं ते त्यांचं. शीव मानसानं न्हाई केली, पान्यानं केली. मानसानं नुसतं दगूड पुरलं." मी भूगोलात पाणलोट शिकवायला दोन तास घेतले होते. त्यानं एका बाटलीत उरकलं.

पुढं देवराई लागली. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत अशा राया पुष्कळ. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून जगापुढं ठेवला. देवाच्या धाकानं झाडं राहिली, हे खरं आहे. पण धाक कुणाकुणाला होता तेही सांगायला पाहिजे. राईच्या कडेला आबाचे पाय थांबले. "आमी हितनं फुडं जात न्हवतो."

"मग राईतली शीव तुमाला कशी ठावं, आबा?"

"भवतीनं ठावं हाय. मंदी काय हाय ते ठावं न्हाई."

मी म्हटलं, आता चल की. कोण अडवतंय? तो म्हणाला, "कुनी आडवत न्हाई म्हनून जाऊ? मला न्हाई जायचं. त्यास्नी जाऊ दे." आणि दगडावर बसला.

पोरं आत गेली. दोरीनं मीटरभराचे चौकोन आखले, त्यात काय काय उगवलंय ते मोजलं. तळ काढलेला पत्र्याचा डबा जमिनीत दाबून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी बघता बघता मुरलं. तेच बाहेर उघड्या माळावर केलं तर पाणी डब्यात उभंच. राईखालचा झरा उन्हाळ्यात का टिकतो ते पोरांनीच सांगितलं. मग बाहेर येऊन एका पोरानं आबापुढं उभं राहून यादी वाचली. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, गारंबीचा वेल. आबानं डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाला, "जांबळी हायती व्हय? इतकी वर्सं जांबळं कुनी खाल्ली मग?" पोरं हसली. मला हसू आलं नाही.

जानेवारीत पोरांनी गावाचा नकाशा केला. शीव, ओढा, राई, वाड्या आणि पाण्याच्या जागा. वरच्या विहिरीपाशी एकानं लिहिलं, 'ही विहीर सगळ्यांची नाही.' त्या आठवड्याला वही त्याच्याकडं होती, म्हणून त्यानं लिहिलं. नकाशा भिंतीवर लागला. चार दिवसांनी मला बोलावून सांगण्यात आलं, तपासणी आहे, तो कागद काढा. आमच्या गावापासून वरंधा घाट उतरलं की महाड. तिथं २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. ते सगळं मला पाठ होतं. भाषणात सांगायचो. तरी मी कागद काढला. नोकरी होती, बायको-पोरं होती. काढला.

आबानं विचारलं, "कागूद कुटं गेला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्या काठी जाळली तवा मला नोकरी न्हवती, म्हनून जमलं आसंल." टोमणा होता की समजूत, आजवर कळलं नाही. आबा २००४ साली गेला.

आता मी निवृत्त. वेल्हे तालुक्याला राजगड नाव मिळालंय. गडाच्या पायथ्याला शहरातली पोरं शिबिराला येतात, पैसे भरून चिखलात भाताची लावणी करतात, फोटो काढतात. येऊ द्या. चिखल लागलेला बरा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं जाऊन शिकायचं. ऐकून मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. कुठलं पोर कुणाकडं जाणार, हे कोण ठरवणार? ज्याला जे जमेल ते, असंच ठरणार असेल तर ते दहा दिवस आमच्या हजारो वर्षांतच जमा होतील.

म्हणून शाळेत असलेल्या भावा-बहिणींना एवढंच सांगतो. पोरांना बाहेर न्या. जरूर न्या. पण हजेरीच्या नंबरानं न्या. ज्याला विचारायला जाल त्याचं पुरं नाव वहीत लिहा. आणि वही आज कुणाच्या हातात आहे ते रोज बघा.

तो नकाशा माझ्या ट्रंकेत आहे. घडीवर फाटलाय. विहिरीपाशी लिहिलेली ओळ अजून वाचता येते.