मनू, अर्थिंगचं काय केलंस?

नारायणगाव,
28 एप्रिल



काल रात्री तुझा फोन ठेवला तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. किती आनंदात होतीस! "काका, बघा, मी एकटीने बसवली!" म्हणत छपराच्या आढ्यावरून फोन गरागरा फिरवलास. स्टारलिंकची पांढरी चौकोनी डिश दिसली, मागे तुमची ती तीन मेपल दिसली, लांबवर शेत दिसलं. मी मात्र तुझे पाय बघत होतो. पायात सपाता होत्या, मनू. उतरतं छप्पर, रात्रभर पाऊस झालेला, आणि पायात घरातल्या सपाता! जावईबापू टोरांटोला गेलेले, शिडी धरायला खाली कुणी नाही, जवळचा शेजारी अर्ध्या मैलावर. पडली असतीस तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं. तुझ्या आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. मनूकडे नवं इंटरनेट आलं, चित्र अगदी स्वच्छ दिसलं, एवढंच म्हटलं. तूही सांगू नकोस.

तू विचारलंस ते एवढंच, की मेपल तोडू की खांब उंच करू? झाड तोडू नकोस. खांब उंच कर.

फोनमधल्या त्या ॲपने आभाळाचा जो भाग लाल करून दाखवला, तो झाडांच्या आड जाणारा भाग. आज तो लहान आहे, कारण मेपल अजून बोडकी आहेत. मे महिना सरेल तशी पानं भरतील, आणि पानांतून, त्यातही ओल्या पानांतून, या लहरी पार होत नाहीत. आज जे सुरळीत चाललंय ते जूनमध्ये दर दोन मिनिटांनी तुटेल, आणि मग तू पुन्हा सपाता घालून वर चढशील, याचीच मला धास्ती आहे. म्हणून आत्ताच काय ते नीट करून टाक.

तुला आठवतं, चौथीत असताना मी तुम्हाला आर्वीला, आमच्या उपग्रह केंद्रात, नेलं होतं? मान वर करून डिश बघता बघता तू मागच्या मागे पडलीस आणि पाणी प्यायला म्हणून कंट्रोल रूममध्ये घुसलीस. ती डिश जवळजवळ तीस मीटर रुंद. 1972 साली इंदिराबाईंनी ते केंद्र देशाला अर्पण केलं, विक्रम साराभाईंचं नाव दिलं. साराभाई दोनच महिन्यांपूर्वी गेले होते. आमचा उपग्रह विषुववृत्तावर, जवळजवळ 36,000 किलोमीटर उंच, पृथ्वीच्याच चालीने फिरणारा, म्हणून खालून बघणाऱ्याला एका जागी थांबलेला. तिथवर जाऊन परत यायला आवाजाला पाव सेकंद लागायचा, उत्तर यायला आणखी पाव. त्या अर्ध्या सेकंदात दोन्हीकडची माणसं एकदम बोलायला लागायची आणि एकदम गप्प व्हायची. लंडनच्या मुलाशी बोलणारी आई "हॅलो, हॅलो" करतच तीन मिनिटं संपवायची. हेडफोनमध्ये ते ऐकताना घशाशी यायचं.

तुझ्या स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून जातात. इथून नागपूर जितकं लांब, तितकीही उंची नाही. इतक्या खालचा उपग्रह एका जागी ठरत नाही. दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, तुझ्या आभाळातून काही मिनिटांत निघून जातो, आणि तुझी डिश तेवढ्यात दुसरा धरते. त्या चपट्या पाटीच्या पोटात शेकडो छोटे अँटेना आहेत. पाटी हलत नाही, लहरींची दिशा आतल्या आत वळते. आमची अवाढव्य डिश वळवायला मोटारी होत्या, म्हणून तुझी पाटी बघून मला खरोखर हात जोडावेसे वाटले. तिचं तोंड उत्तरेला का, असं तू विचारलंस. आपल्या गच्चीवरची टीव्हीची डिश दक्षिणेकडे बघते, कारण तिचा उपग्रह विषुववृत्तावर आहे. तुझे उपग्रह फिरते आहेत, आणि त्यांच्या बऱ्याच वाटा त्रेपन्न अक्षांशाच्या आसपास, म्हणजे तुझ्या घराच्या उत्तरेला, दाट होतात. म्हणून उत्तरेकडचं आभाळ मोकळं हवं. तीनपैकी दोन मेपल पूर्वेला आहेत, ती फारशी आड येणार नाहीत. उरलेल्या एकासाठी करवत कशाला?

हे झालं आभाळाचं. जमिनीचं काय केलंस, मनू? काल मी तीनदा विचारलं, अर्थिंग कुठे दिलंस? तू तीनदा म्हणालीस, "अहो काका, प्लगला तीन पिना आहेत."

आर्वीला येणारा प्रत्येक पाहुणा वर बघायचा. मंत्री असो, शाळेची पोरं असोत, मान वरच. खाली बघणारा एकही मला भेटला नाही. आणि आमचा अर्धा जीव खाली होता. डिशच्या पायापासून तांब्याची पट्टी निघायची, जमिनीखालच्या जाळ्याला मिळायची, तिथून खड्ड्यातल्या तांब्याच्या पत्र्याला. भोवती मिठाचे आणि कोळशाचे थर. दर सहा महिन्यांनी मेगर लावून अर्थचा रोध मोजायचा, एक ओहमच्या आत भरलं तरच वहीत सही. उन्हाळ्यात माती सुकली की आकडा चढायचा, मग रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी. मे महिन्यात आमच्या गावात टँकर यायचा, तरी खड्ड्याचं पाणी आम्ही चुकवलं नाही.

हे सगळं मी नोकरीत केलं आणि मळ्यातल्या घरी केलं नाही. ज्या वर्षी टीव्हीवर रामायण लागायचं, त्या वर्षी तुझ्या अप्पांनी लोखंडी पाइपावर अँटेना चढवला. रविवारी सकाळी ते वर पाइप फिरवायचे, तू ओट्यावर उभी राहून "आलं! आलं! गेलं!" ओरडायचीस. मी अप्पांना म्हणायचो, या पाइपाला एक तार बांधून जमिनीत उतरवतो, पुढच्या सुट्टीला नक्की. तार आणून ठेवलीही होती, माळ्यावर. जूनमध्ये वीज पडली ती दुपार तुझ्यासमोरची आहे, मी लिहीत नाही. पुढे अप्पांशी बोलताना तू कायम त्यांच्या डाव्या कानाशी बसायचीस. माझ्या माळ्यावरच्या तारेचं वेटोळं अजून तसंच आहे. म्हणून हा माणूस चाळीस वर्षं एकच गोष्ट का उगाळतो, असं मनात आणू नकोस.

आता नीट वाच. छपराला भोकं पाडून बोल्ट मारलेस ना? बर्फ वितळलं की तिथूनच पाणी झिरपेल. त्यापेक्षा घराच्या उत्तर अंगाला जाड जीआय पाइपाचा उंच खांब जमिनीत रोव. तुमच्या ओट्याचे खांब चार फूट खोल घातले होते, कारण थंडीत माती गोठून फुगते आणि उथळ खांब वर उचलला जातो, हे तूच मला सांगितलं होतंस. हाही तेवढाच खोल घाल. खणण्याआधी तिथून गॅसची नळी जाते का ते विचारून घे. खांबाला तांब्याची जाड तार घट्ट क्लॅम्पने जोड आणि ती घराच्या मुख्य अर्थिंगलाच ने. वेगळी सळई ठोकून मोकळी ठेवू नकोस. दोन ठिकाणच्या जमिनीत विजेच्या वेळी दाबाचा फरक पडतो आणि तो फरक तुझ्या यंत्रांतून वाट काढतो. हे काम तिथल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घे, पैशाचा विचार करू नकोस. डिशची तार कापून जोडू नकोस. घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दे, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळेल, भिंतीत जाणार नाही. डिश दिवसरात्र पाऊणशे ते शंभर वॉट खाते, म्हणजे रोजची दोनेक युनिटं. दिवे गेल्यावर किती वेळ चालवायची ते बॅटरी घेताना बघ.

एवढं करूनही वीज थेट पडली तर यंत्र वाचत नाही. जवळपास पडली तर वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून आभाळ भरून आलं की गडगडाटाआधीच प्लग काढायचा. प्लग काढ म्हणजे काढच, मुलाची परीक्षा चालू असली तरी. आणि त्या वेळी खांबाजवळ कुणी जायचं नाही. मुलाला हे माझ्या नावाने सांग.

मला आपल्याकडचीही काळजी लागलीय. स्टारलिंकला आपल्या देशात 2025 च्या जूनमध्ये परवाना मिळाला. नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव, अशा जिल्ह्यांच्या शाळा आणि दवाखाने जोडायचे म्हणून. ज्या वाडीत तार पोचली नाही तिथली मुलगी घरबसल्या शिकेल, याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पण विदर्भ-मराठवाड्यात वीज पडून दर पावसाळ्यात माणसं जातात. तिथल्या शाळेच्या पत्र्यावर कुणी घाईघाईने लोखंडी खांब उभा करेल आणि खाली पोरं बसतील. तिथे मेगर घेऊन कोण जाणार? प्रत्येक डिशबरोबर अर्थिंगचा कागद सही-शिक्क्यानिशी मागा, असं पत्र मी जिल्हाधिकाऱ्यांना लिहायला घेतलंय. ते राहिलं आणि तुझंच आधी लिहून झालं.

तुझी आई बरी आहे. यंदा द्राक्षांचं मनासारखं झालं नाही. मुलाला पापा.

मनू, डिशचे फोटो खूप झाले. खांबाला क्लॅम्प बसला की त्या तारेच्या टोकाचा एक फोटो पाठव. तो येईपर्यंत छपरावर चढू नकोस, आणि चढलीसच तर बूट घाल आणि शिडी धरायला कुणाला तरी बोलाव.

तुझा,
काका