दोषाची नोंद

सरकारी कारकुनाला दोन गोष्टींची धास्ती जन्मभर पुरते : एक बदलीची आणि दुसरी जुन्या फायलीची. बदली फार तर परमुलखात नेऊन टाकते; जुनी फाईल माणसाला त्याच्याच हस्ताक्षरासमोर नेऊन उभी करते. परमुलूख आमच्या वाट्याला पहिल्याच नेमणुकीत, २०१४ साली, कोलकात्याच्या रूपाने आला. जुन्या फायलीची गाठ मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी पडली, आणि तीही एका आडवाटेने. त्या वाटेचे नाव गिट.

गिट ही एक संगणकप्रणाली आहे. अनेक माणसे मिळून एखादा मोठा मजकूर, बहुधा संगणकाची आज्ञावली, लिहीत असली, की कोणी काय बदलले, केव्हा बदलले आणि का बदलले याचे दप्तर ती सांभाळते. फिनलंडमध्ये जन्मलेल्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती २००५ च्या एप्रिलात रचावयास घेतली. त्यांच्या लिनक्स प्रकल्पाचे दप्तर तोवर बिटकीपर नावाच्या खाजगी प्रणालीत असे. तिचा विनामूल्य वापर बंद झाला, तेव्हा भाड्याचे घर सुटलेल्या गृहस्थाने चार बांबू रोवून स्वतःचे छप्पर घालावे, तसे त्यांनी हे छप्पर घातले आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याची व्यवस्था जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविली. ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. तिची सारी घडण कोणासही वाचता येते. दोष आढळल्यास दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार मोठ्या संगणकपंडितास जितका, तितकाच कोलकात्याच्या कारकुनास. शिवाय गिटचे स्वतःचे दप्तरही गिटमध्येच आहे. ७ एप्रिल २००५ च्या पहिल्या नोंदीपासून झालेल्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या तेथे ओळीने वाचावयास मिळतात.

आम्ही गणिताचे पदवीधर. कचेरीतून आल्यावर काय करावे या विवंचनेत असता धाकट्या मेहुण्याने आपला जुना लॅपटॉप आणि हा नाद, दोन्ही एकदमच आमच्या हवाली केले. या दोषांना त्या व्यवसायात ‘बग’, म्हणजे ढेकूण, म्हणतात. “हे रात्री बारापर्यंत ढेकूण शोधीत बसतात,” असे सौभाग्यवतींनी माहेरी फोनवर सांगितले, आणि सासूबाईंनी त्वरेने साताऱ्याहून वेखंडाची पूड धाडली.

आमचा पहिला शोध असा. ‘निवृत्ती’ असे देवनागरी नाव दिलेली एक फाईल आम्ही गिटच्या स्वाधीन केली. तिची विचारपूस करू लागलो, तो नावाच्या जागी नुसत्या आकड्यांची रांग! एकट्या ‘न’साठी ३४०, २४४ आणि २५० असे तीन आकडे, आणि प्रत्येकाच्या आधी एक तिरपी रेघ. मायबोलीचा हा अवमान पाहून आमचे रक्त तापले. आम्ही एक जळजळीत तक्रार लिहूनही काढली. सुदैवाने ती पाठविण्यापूर्वी मार्गदर्शिका उघडली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात तीन घरे व्यापते. इंग्रजीच्या मूळ चिन्हांपलीकडचे नाव कोणत्याही पडद्यावर निर्धोकपणे दाखविता यावे म्हणून गिट प्रत्येक घरातील अंक अष्टमान पद्धतीने मांडते. आणि ज्याला ते नको असेल त्याने ‘कोअर-कोटपाथ’ नावाची एक कळ बंद करावी, असे तेथे स्वच्छ लिहिले होते. कळ बंद केली, ‘निवृत्ती’ उमटली. दोष शोधण्यापूर्वी नियम वाचावा, हा धडा आम्हांस मिळाला. आणि आम्ही तर लोकांचे अर्ज ‘नियम पाहावा’ असा शेरा मारून परत पाठविण्याचाच पगार घेतो!

पुढे मार्गदर्शिकेतल्या एका वाक्यात खरीच एक चूक सापडली. चुकीचा शब्द एकच. परंतु तो दुरुस्त करून पाठविण्याचा विधी आमच्या कचेरीला लाजवील असा निघाला. नुसता बदल चालत नाही. आजची स्थिती काय, तीत खोट कोणती, ती का सुधारावयाची, हे आधी सांगावे लागते. आणि बदल आज्ञार्थी लिहावा लागतो. ‘दुरुस्ती करण्यात आली आहे’ असे लिहून भागत नाही. ‘दुरुस्त कर’ असे लिहावे लागते. नोकरीच्या इतक्या वर्षांत आम्ही कोणालाही आज्ञा केली नव्हती; घरी तर तो प्रश्नच उद्भवत नाही. शेवटी आपल्या नावाने सही, की हे लिखाण देण्याचा अधिकार मला आहे. आमचा एक शब्द दोनदा परत आला. ‘का ते कळले नाही’ एवढाच शेरा, पण सभ्य. तिसऱ्या खेपेस तो स्वीकारला गेला, आणि त्या संध्याकाळी आम्ही घरी मिष्टी दोईचे मडके नेले.

जाणते लोक खरे दोष कसे काढतात, ते आम्ही त्यानंतर वाचून वाचून शिकलो. ते आधी दोष पुन्हा घडवून दाखवितात. मग दुरुस्तीबरोबर एक चाचणी लिहितात. दुरुस्तीवाचून ती फसली पाहिजे आणि दुरुस्तीनंतर उतरली पाहिजे. ही चाचणी कायमची राहते, म्हणजे तोच दोष मागील दाराने शिरू लागला तर लगेच बोंब उठते. जे दोष कळले आहेत परंतु अद्याप सुधारलेले नाहीत, त्यांच्याही चाचण्या ‘येथे अपयश अपेक्षित आहे’ अशा नावाने दप्तरी ठेवता येतात. आपल्या उणिवा इतक्या उघडपणे टांगून ठेवणारी कचेरी आम्ही पाहिली नव्हती. २०१४ च्या डिसेंबरात एक गंभीर दोष उघडकीस आला. गिट आपले खाजगी दप्तर ठरावीक नावाच्या कप्प्यात ठेवते. परंतु विंडोज आणि मॅक यंत्रांवर इंग्रजी लहानमोठ्या अक्षरांतला भेद सहसा मानला जात नसल्याने, किंचित निराळ्या लिपीतले नाव घेऊन कोणी दुष्ट त्या कप्प्यात हात घालू शकला असता. हा दोष दाखवून दिला तो मर्क्युरियल या प्रतिस्पर्धी प्रणालीच्या लोकांनी. त्यांना तो आपल्या घरात आढळला, म्हणून त्यांनी शेजाऱ्याचेही दार वाजविले. दोन्ही घरांची दुरुस्ती बरोबरच जाहीर झाली.

या प्रणालीतील तीन आज्ञा आमच्या मनात घर करून बसल्या. ‘ब्लेम’ ही प्रत्येक ओळीपुढे तिला शेवटी हात लावणाऱ्याचे नाव आणि तारीख दाखविते. ‘रिव्हर्ट’ ही चुकीचा बदल मागे घेते, पण तो पुसून नव्हे. उलट दिशेची नवी नोंद करून. आपल्या घरच्या प्रतीत कोणी इतिहास बदलू शकतो. परंतु नोंदीचा क्रमांक तिच्या मजकुरावरून आणि मागील नोंदीच्या क्रमांकावरून निघत असल्याने, एक जुनी नोंद हलविली तर पुढचे सारे क्रमांक बदलतात आणि चोरी लपत नाही. तिसरी ‘बायसेक्ट’. पूर्वी ठीक होते, आज बिघडले आहे, मध्ये हजार बदल झाले आहेत. मग मधला काढावा. तो ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. अशा दहा पाहण्यांत हजारांतील गुन्हेगार हाती लागतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीतील एका दिवंगत दप्तरींच्या पत्नी तिसऱ्यांदा आल्या. त्यांच्या यजमानांच्या बरोबरीच्या दुसऱ्या दप्तरींच्या घरी कुटुंबनिवृत्तिवेतन अधिक येते, आपल्या घरी कमी का, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. पहिल्या दोन्ही वेळा आम्ही त्यांना बसावयास खुर्ची दिली होती आणि म्हटले होते, “मासीमा, नोंदी फार जुन्या आहेत. त्या लिहिणारे बाबू कधीच निवृत्त झाले.” टिपणीतही आम्ही तेच लिहिले होते. ते खोटे आहे असे आम्हांस ठाऊक नव्हते. खरे आहे असेही ठाऊक नव्हते. आम्ही पाहिलेच नव्हते.

त्या दिवशी त्या भिजलेली छत्री मिटून गेल्यावर आम्ही सेवापुस्तिका काढली. १९८९ ते २०२० पर्यंतच्या बत्तीस वेतनवाढी. शेवटचा आकडा एका वाढीने कमी भरत होता. आम्ही मधला काढला : २००४, बरोबर. २०१२, बरोबर. २०१६, चूक. २०१४, बरोबर. २०१५, चूक. पाच पाहण्यांत पान सापडले. २०१५ ची वेतनवाढ नोंदविलीच नव्हती, आणि पानाखालची आद्याक्षरे आमची होती.

त्या वेळी आम्ही नवशिके होतो. वाढींच्या यादीचे दुसरे पान उलटावयाचे राहिले होते. पुढे तपासणाऱ्यांच्या नजरेतूनही ते सुटले. आणि दप्तरीबाबू बाबूंच्या आकड्याशी भांडणाऱ्यांतले नव्हते.

सरकारी भाषेत कर्मणी प्रयोग हा फार दयाळू आहे. ‘सदर वेतनवाढ नोंदविण्याची राहून गेल्याचे दिसते’ असे लिहिले असते तर मासीमांचे काम झालेच असते आणि आमच्या केसालाही धक्का लागला नसता. तसा मसुदा आम्ही केलाही. परंतु रात्री तो वाचताना तो परका शेरा आठवला : का ते कळले नाही. मग आम्ही दुसरा मसुदा लिहिला. आजची स्थिती, तीतील खोट, तिचे कारण, करणाऱ्याचे नाव, आधीची टिपणी चुकीची असल्याची कबुली, आणि दुरुस्ती.

बोडोबाबूंनी तो वाचून चष्मा काढला. “नाव घालण्याची काय गरज होती?” आम्ही म्हटले, नाव आणि कारण नसेल तर यादीचे ते दुसरे पान कोणी पुन्हा पाहणार नाही. त्या पानावर तीन नावे निघाली. एकाने त्याच वर्षी भांडून आपले काम करून घेतले होते. तिसरा अद्याप नोकरीत होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

जुनी नोंद कोणी खोडली नाही. तिच्याखाली नवी नोंद झाली, साक्षांकित झाली. आम्हांस लेखी समज मिळाली. तीही आमच्या फायलीत यथास्थान लागली आहे आणि पुढच्या माणसास वाचता येईल.

हिवाळ्यात थकबाकी हाती आल्यावर मासीमा नोलेन गुडाच्या संदेशांची लहानशी पेटी घेऊन आल्या. “ज्या बाबूंनी चूक केली ते तर निवृत्त झाले, ज्यांनी शोधली त्यांना हे,” असे त्या म्हणाल्या. तेव्हा आम्हांस सांगणे भागच होते, की ते बाबू निवृत्त झालेले नाहीत. ते येथेच बसलेले आहेत. त्या क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. मग पेटी आमच्या बाजूला सरकवून म्हणाल्या, “तर मग दोन घ्या.”