एका नळीची बंदूक

औंदा भुईमूग काढणीला आलता आणि रानडुकरांनी एका रात्रीत दीड एकर उकरून टाकला. सकाळी जाऊन बघितलं तर नांगरट केल्यासारखं रान. शेंगा खाल्लेल्या कमी, नासलेल्या जास्त. पोरगा बांधावर बसून राहिला. दुपारी घरी आला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"अण्णा, आपली जुनी एकनळी आता ठेवून द्या. ही बघा, पंप बंदूक. एकदा भरली की चार-पाच बार. कळपच्या कळप आडवा."

मी म्हणलं, "बघू. आधी दुकानात जाऊन हातात घेऊन बघू."

आमचं नांदूरघाट केज तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. माझ्या लहानपणी गावाभोवती माळ मोप होता. सकाळच्या पहारी काळविटांचा कळप ज्वारीच्या कडंनं उभा असायचा. बापूकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं, ठासणीची बंदूक होती. वरून दारू ओतायची, चिंधी घालायची, गजानं ठासायची, मग छर्रे, परत चिंधी, परत गज. मागं टोपी बसवायची आणि घोडा चढवायचा. एवढं सगळं एका बारासाठी. पावसाळ्यात दारू सर्दावली की नुसतं 'फुस्स'. तवर ससा शिवार ओलांडून गेलेला.

ही ठासणी बापूनं आवडीनं घेतली नव्हती. बंदुकीचा कायदा १९५९ चा आहे. त्यात शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितलेला आहे. तेवढ्यानं भागत नाही असं साहेबाला पटलं, तरच कमीत कमी वीस इंच नळीची दुसरी छर्र्याची बंदूक मिळायची. म्हणजे आमची पहिली बंदूक सरकारनंच निवडून दिलती.

तवा शिकार उघड चालायची. तितर, लावा, ससा, कधी हरीण. बापूही करायचा, ते लपवण्यात अर्थ नाही. मग १९७२ साल आलं. त्याच साली मोठा दुष्काळ आणि त्याच साली वन्यजीवांचा कायदा. खडी फोडायला गेलेल्या माणसांना कायद्याची खबर कुठली? पण पुढं दोन-चार वर्षांत बापूच म्हणला, "हरणाला आता हात लावायचा नाई. जेल होती." आणि थोडं थांबून म्हणला, "आन तसंबी आता किती राहिलेत?" माळ फुटून रानं झालती. काळवीट बघायचं तर लांब जावं लागायचं.

माझी दहावी होऊन बरीच वर्षं झाली, मग आम्ही ब्रीच बंदुकीचा परवाना मागितला. हेलपाटे घालून तो मिळाला आणि एष्टीनं औरंगाबादला गेलो. दुकानदारानं दोन बंदुका काढून ठेवल्या. दोन्ही बारा बोअरच्या. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या एक पौंड भरतात म्हणून बारा बोअर, हे त्यानंच सांगितलं. एक एकनळी, एक दुनळी. दुनळीला दोन चाप. एका नळीचं तोंड मोकळं, त्यातनं छर्रा जवळच पसरतो. दुसरीचं तोंड आवळलेलं, त्यातनं छर्रा लांबपर्यंत एकगठ्ठा जातो. मला दुनळी भरली. एक चुकला तर दुसरा आहेच.

बापूनं माझ्या हातात एकनळी दिली. म्हणला, "दस्ता कोपराच्या वाकणात ठेव. बोट चापाला पोचतंय का?" पोचत होतं. "आता डोळं मीट, खांद्याला लाव, आन उघड." उघडले तर नळीच्या टोकावरची माशी बरोबर नजरेसमोर. "हीच घे."

मी म्हणलं, "बापू, एकच बार आहे हिच्यात."

"म्हणूनच घे. तुला दुसऱ्या बाराचा भरवसा आला की पयला तू नीट मारनार नाईस."

मला राग आलता. पैशासाठी म्हातारा चिकटपणा करतोय असं वाटलं. येताना एष्टीत मी त्याच्याशी बोललो नाही.

आता जे सांगतो ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

१९९१-९२ चा हिवाळा असंल. रातची लाईट होती. मी गव्हाला दारं धरून बसलतो. शेजारी ऊस. त्या आठवड्यात डुकरांनी ऊस लोळवलेला, म्हणून बंदूक जवळ होती. आत एलजीचं काडतूस. त्यात मोजकेच पण मोठे छर्रे असतात, डुकरासाठी तेच वापरायचे. बॅटरीतले सेल उतरलेले. रात्री दोनच्या सुमाराला उसाच्या कडंला खसफस झाली. काळं काहीतरी, खाली वाकलेलं, पुढं सरकत होतं. मी बंदूक खांद्याला लावली. घोडा चढवला. माशी त्या काळ्या ढिगाच्या मधोमध धरली. बोट चापावर.

एकच काडतूस आहे, म्हणून मी थांबलो. आडवं होऊ दे, बगल दिसू दे, वाया घालवायचं नाही. एवढाच विचार. माणुसकी वगैरे काही मनात नव्हती.

तेवढ्यात तो ढीग खोकला.

आमचा शेजारी होता. डोक्यावरनं घोंगडं घेऊन, वाकून, त्याच्या रानातलं फुटलेलं दार शोधत फिरत होता. मी घोडा हळूच खाली बसवला. बसवताना अंगठा थरथरत होता. घोडा निसटला असता तरी बार झाला असता. त्यानं हाक मारली, "जागा हाईस का रं?" माझ्या तोंडातून आवाज निघंना. त्याला वाटलं, मी झोपलोय. तो निघून गेला.

सकाळी त्यानं मला चहा पाजला. पुढं त्याच्या पोरांची लग्नं झाली, मी अक्षता टाकल्या. तो गेल्या साली म्हातारपणानं गेला. त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

औंदा पोराला घेऊन दुकानात गेलो. पंप बंदूक खरंच चांगली चीज आहे, खोटं कशाला बोलू. नळीखालचा कडा मागं ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढं ढकलला की नवं आत. खांद्यावरून बंदूक काढायचीही गरज नाही. तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यातही ती बनते. परदेशात बदकांच्या शिकारीला ती चालते असं दुकानदार म्हणला. पोरानं कडा दोनदा खटखट ओढला. त्याचे डोळे चमकले. मला माझी दुनळी आठवली.

मी त्याला दुकानाबाहेर आणलं. टपरीवर चहा घेतला आणि त्या रात्रीची गोष्ट सांगितली. नावानिशी. तो त्या शेजाऱ्याच्या मांडीवर खेळलेला. कप तसाच हातात धरून बसला.

मग मी हिशोब सांगितला. काळवीट, हरीण यांना कायद्यानं हात लावता येत नाही, आणि लावूही नये. पीक नासणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना मारायची वाट सरकारनं २०१५ साली काढून दिली, पण त्यालाही वन खात्याकडं अर्ज करून परवानगी काढावी लागते. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. राहता राहिली रात्रीची राखण. पहिल्या बारालाच कळप उधळतो. दुसरा, तिसरा, चौथा बार मग पळत्या सावलीवर अंधारात जातो. त्या अंधारात आता पूर्वीसारखा माळ नाही. वस्त्या आहेत, शेततळ्यावर झोपलेला सालगडी आहे, दारं धरणारा कुणाचा तरी बाप आहे.

पोरगा म्हणला, "मग डुकरं राहू द्यायची का तशीच?"

तो प्रश्न खरा आहे. दीड एकराचा भुईमूग माझाही गेलाय. पंचनाम्याच्या पैशात बियाणंसुद्धा निघत नाही. डुकरांवर दया करा असं शहरातल्या माणसानं मला सांगितलं, तर मी त्याला एक रात्र माझ्या माचव्यावर झोपवीन. पण बंदुकीची निवड रागाच्या दिवशी करू नये, एवढं मला कळतं.

बंदुकीच्या पैशातनं आम्ही रानाला सौर झटक्याची तार ओढली. कधी गवत लागून ती बसते, तवा डुकरं येतात. म्हणून राखण सुटलेली नाही. एकनळी अजून घरी आहे, तेल पाणी करून ठेवलेली.

परवा रात्री पोरगा एकटा राखणीला होता. मी घरी जागाच होतो. उसाकडनं त्याचा आवाज आला, मोठ्यानं, "कोन हाय रं तिकडं?" उत्तर आलं नाही. परत तीच हाक. मग पत्र्याचा डबा वाजला आणि डुकरं ओढ्याकडं पळाल्याचा आवाज आला.

सकाळी तो म्हणला, "अण्णा, हाक मारली की पळून जातात, एकबी गावत नाई."

मी म्हणलं, "जाऊ दे पळून. पळावीत म्हणूनच तर आपण राखणीला जातो."