तिसरी खुर्ची

दिवाळीच्या आधीं माळ्यावरची ट्रंक उतरवली, तेव्हां तींत आमच्या कैलासवासी काकांचीं दोन छायाचित्रें निघालीं. काका एका विमान कंपनींत फ्लाइट इंजिनिअर होते. पहिल्या चित्रांत ते कडेच्या भिंतीकडे तोंड करून खुर्चींत बसलेले. समोर नुसत्या तबकड्या, दिवे आणि कळा. दुसऱ्यांत दोन वैमानिकांच्या मागें उभे राहून हंसत आहेत. हें दुसरें चित्र काकूंच्या विशेष आवडीचें. "हें त्यांचें नवें विमान," असें त्या येणाऱ्याजाणाऱ्यांस सांगत, व आम्हीही तें खरें मानीत आलों होतों.

आमच्या बारा वर्षांच्या पुतण्यास विमानांचा भारी नाद. "पहिलें बोइंग ७४७-३०० किंवा त्याच्याही आधींचें, दुसरें ७४७-४००," असें त्यानें बसल्या जागीं सांगून टाकलें. विमान बाहेरून पाहिल्यावांचून हें कसें ठरवलेंस, असें आम्हीं वडीलकीच्या सुरांत विचारलें. तेव्हां कळलें कीं, बाहेरचें रूपच फसवें! माथ्यावरचें लांब वशिंड ३०० पासून आलें खरें, परंतु के. एल. एम. या डच कंपनीनें आपल्या कांहीं २०० विमानांसही तें मागाहून बसवून घेतलें. पंखांच्या टोकांशीं उभे केलेले छोटे पंख ही ४०० ची खूण म्हणावी, तर जपानांतील जवळच्या प्रवासासाठीं बांधलेल्या ४०० विमानांस ते नव्हतेच. मग उरतें तें कॉकपिट. (या शब्दास आम्हीं एक मराठी प्रतिशब्द सुचविला होता, पण तो घरांत कोणी चालूं दिला नाहीं.)

४०० चें पहिलें उड्डाण १९८८ सालीं झालें, आणि १९८९ पासून तें उतारू नेऊं लागलें. कांट्यांच्या तबकड्या जाऊन वैमानिकांपुढें सहा चौकोनी पडदे आले. दिवे, तबकड्या व कळा मिळून पूर्वीं ९७१ होत्या, त्या ३६५ वर आल्या. इंधन, वीज, आंतील हवेचा दाब यांवर नजर ठेवण्याचें काम संगणकानें उचललें. कोठें बिघडलें तर पडद्यावर अक्षरें उमटतात. उजव्या हातची ती तबकड्यांची भिंत गेली, आणि तिच्यासमोरची खुर्चीही गेली.

आम्ही हें सारें कौतुकानें ऐकत होतों. पुतण्यानें दुसरें चित्र उजेडाकडे धरलें आणि सहज विचारलें, "पण मग यांत आजोबांची जागा कोणती?"

आम्ही चपापलों. काकू पलीकडेच तांदूळ निवडीत बसल्या होत्या. विषय बदलावा म्हणून आम्हीं ट्रंकेच्या कुलपाची कांहीं तरी गोष्ट काढली. त्यांनीं सूप खालीं ठेविलें.

"कोणतीच नाहीं रे बाळ," त्या म्हणाल्या. "नुसते पाहायला गेले होते. घरीं आल्यावर सबंध संध्याकाळ त्या पडद्यांची स्तुति चालली होती. मग पान वाढलें, तर दोन घांस खाऊन उठले."

कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें काकूंनीं चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला व हात पुढें केला.

"तें पहिलें दे इकडे. यांतली कोणती तबकडी कशाची, तें सांग पाहूं मला."