संकल्पाचें पाणी

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं सत्यनारायण होता. उपाध्ये संकल्प सांगत होते आणि मी पळीनें पाणी सोडीत होतों, तोंच मागून नातवानें विचारलें, "आजोबा, देवाला एवढा पत्ता कशाला सांगायचा?" प्रश्न पोरकट खरा, पण मागाहून मीं त्यावर पुष्कळ विचार केला. खंड, नदीचें तीर, शक, अयन, मास, तिथि, करणाऱ्याचें गोत्र व नांव, आणि करावयाचें कर्म, इतकें उच्चारल्यावांचून आपल्याकडे संकल्प पुरा होत नाहीं. पळून जावयास वाट राहूं नये, अशीच ही योजना दिसते.

त्याच सुमारास मोठमोठ्या कंपन्यांनीं जंगलें राखण्यासाठीं केलेल्या प्रतिज्ञांविषयीं मी वाचीत होतों. २०१० सालीं 'कंझ्यूमर गुड्स फोरम' या जागतिक व्यापारी संघटनेनें जाहीर केलें कीं, पामतेल, सोयाबीन, गोमांस व कागद यांच्या पायीं होणारी निव्वळ जंगलतोड २०२० पर्यंत शून्यावर आणूं. ('निव्वळ' हा शब्द मोठा सोयीचा; एकीकडे तोडलेल्यांतून दुसरीकडे लावलेलें वजा करतां येतें.) २०२० उजाडलें, प्रतिज्ञा पुरी झाली नाहीं. तिथि सांगितली होती. रान सांगितलें नव्हतें.

ब्राझीलची गोष्ट निराळी. अमेझॉनचें अरण्य तोडून सोयाबीन पेरण्याचा तेथें सपाटा चालला होता. 'ग्रीनपीस'नें २००६ च्या एप्रिलांत त्याचा बोभाटा केला, आणि जुलैंत तेथील व्यापारी संघटनांनीं ठरविलें कीं, यापुढें अमेझॉनांत नव्यानें तोडलेल्या जमिनीवरचें सोयाबीन घ्यावयाचें नाहीं. देश ठरला, काल ठरला, कर्ते थोडे पण मोठे, आणि साक्षीला आकाशांतले उपग्रह! करारापूर्वींच्या दोन वर्षांत तेथील सोयाबीनच्या वाढीपैकीं जवळजवळ ३० टक्के वाढ जंगल तोडून झाली होती. २०१४ पर्यंत हें प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलें, असें 'सायन्स' नियतकालिकांत २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

पण शेजारचा सेरादो हा विरळ झाडीचा विस्तीर्ण प्रदेश करारांत नव्हता; तेथें नांगर चालतच राहिले. गुरांचें तर याहून विलक्षण. २००९ सालीं बड्या मांस-कंपन्यांनींहि तशीच शपथ घेतली. परंतु वासरूं तोडलेल्या रानांत जन्मतें, मग स्वच्छ दाखल्याच्या कुरणांत जातें, आणि तेथून कत्तलखान्यांत. तपास होतो तो बहुधा शेवटच्या विक्रेत्याचा. थोरल्या भावाचा निबंध स्वतःच्या अक्षरांत उतरवून आणणारीं मुलें माझ्याहि वर्गांत होतीं, आणि मी वर्षानुवर्षें अक्षरच तपासीत आलों.

सोयाबीनचा करारहि निर्वेध राहिला नाहीं. ब्राझीलचा कायदा अमेझॉनच्या अरण्यांतील जमीनमालकास पांचवा हिस्सा तोडण्याची मुभा देतो. मग व्यापारी कोण नाहीं म्हणणार, हा शेतकऱ्यांचा आक्षेप, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. मातो ग्रोसो राज्यानें २०२४ सालीं असे करार पाळणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढून घेणारा कायदा केला. २०२५ च्या ऑगस्टांत तेथील स्पर्धा-नियामक संस्थेनें करार स्थगित करण्याचा हुकूम काढला, आणि वाद न्यायालयांत गेला.

आपल्याकडे सोयाबीनचें तेल अर्जेंटिना आणि ब्राझील येथूनहि येतें. म्हणून चष्मा लावून घरांतली तेलाची पिशवी वाचली. हृदयाचें चित्र होतें, जीवनसत्त्वें होतीं, रान नव्हतें. तेलाच्या व्यापारांत असलेल्या पुतण्यास विचारलें, तर तो हंसून म्हणाला, "काका, बंदरावरच्या टाकींत एकदां पडलें म्हणजे कोणत्या शेताचें तें कोण ओळखणार?"

तेव्हां घाण्याचें शेंगदाण्याचें तेल आणावयाचें, असें मीं ठरविलें. आमच्या मंडळींनीं दोन महिने तें निमूटपणें वापरलें. दिवाळीच्या आधीं मात्र त्यांनीं हिशेबाचा कागद माझ्यापुढें ठेवला. "अहो, चकल्या-अनारशांच्या तळणीला तरी नेहमींचें आणूं ना?"

मीं मान हलविली. ठरवितांना तळणीचा उल्लेख केला नव्हता, असें मनाशीं म्हटलें.